धनी ओळखीनासा झाला तर

सातारा जिल्ह्यात अशी गावे आहेत की जिथे घरटी एक तरी फौजी निघतो. अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. खांद्यावर बंदूक आणि गळ्यात तुळशीची माळ, हे या मुलखात नवल नाही. या भागातल्याच एका गावी सप्ताहाच्या काल्यानंतर एका वृद्ध माऊलीने जो प्रश्न विचारला, तो आज सर्वांपुढे ठेवतो. ती म्हणाली, “बुवा, मालक एकाहत्तरच्या लढाईत व्हतं. आता मला वळखत न्हाईत. ‘बाई, तुम्ही कुनाच्या? रात झाली, घरी जावा,’ म्हनत्यात. मी तरणी हुते तवा ते सीमेवर. वर्साला दोन म्हैनं रजेवर यायचं. पेन्शनीत आलं तवा कुठं संसार लागला, आन् आता ह्ये असं. चार वर्सं झाली, माझी वारी न्हाई. परवा तर त्यांच्यावर हात उगारला म्या. मी देवाची बी ऱ्हायले न्हाई आन् त्यांची बी.”

आता पहा, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६३ व्या श्लोकात ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आला आहे. अर्धवट ऐकलेले लोक तोच घेऊन या माऊलीच्या ओट्यावर जातात. कोणी म्हणतो, गडी रागीट होता. कोणी म्हणतो, लढाईत माणसे मारली त्याचे हे भोग. अरे बाबांनो, तिथे भगवंत विषयचिंतनाने काम, कामाने क्रोध आणि क्रोधाने विवेक सुटतो ते सांगताहेत. हा तर मेंदूचा आजार आहे. १९०६ साली जर्मनीत आल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका बाईच्या मेंदूत तिच्या मृत्यूनंतर काय बिघाड दिसला ते प्रथम मांडले, आणि त्यांचेच नाव एका प्रकाराला पडले. क्षय झालेल्याला आपण पापी म्हणत नाही, मग याला का म्हणावे?

या आजारात आजचे आधी जाते आणि जुने मागे उरते. म्हणून दिवस कलला की हे सुभेदार उठतात. “बिस्तरा बांध, गाडीची वेळ झाली, पलटणीत हजर व्हायचंय.” मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही कधीच रिटायर झालात. झाले! भांडण, आदळआपट, दाराची कडी. माऊली मात्र म्हणते, “गाडी लेट हाय, तवर च्या घ्या.” चहा होतो, गाडी विसरते. मग रात्री तिला रुखरुख लागते की, माळकरी असून मी खोटे बोलले. माझे मत सांगतो. आपला स्वार्थ साधायला दुसऱ्याला फसवणे ते असत्य. भ्यालेल्या जिवाला धीर द्यायला त्याच्याच गावात जाऊन त्याच्याशी बोलणे, ते असत्य नव्हे. उलट पाहुण्यांसमोर “सांगा पाहू, मी कोण?” अशी परीक्षा घेणे, हे खरे असूनही क्रूर आहे. उत्तर येत नाही, लाज मात्र वाटते. आणि प्रश्न विसरला तरी ती लाज बराच वेळ मनात राहते.

“मी बायको का आई?” असेही ती विचारीत होती. न्हाऊ घालायचे, घास भरवायचा, ओले धोतर बदलायचे. नाते कोणते म्हणायचे? पंढरीला रखुमाई वेगळ्या देवळात उभी आहे. ती रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधीत आला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. दोघांच्या मध्ये भिंत आहे, पण म्हणून त्यांना नवरा-बायको कोणी म्हणत नाही का? धन्याला नाते आठवत नसेल, तर तेवढे दिवस ते एकटीने सांभाळायचे. फौजीच्या बायकोला हे नवे नाही. दहा-दहा महिने तिने ते एकटीनेच सांभाळले होते. मात्र तो परक्या बाईला पाहून भितो तेव्हा “मी तुमची बायको” असा हट्ट धरू नये. शेजारच्या खोलीत अंथरूण घालावे. त्यात सौभाग्याला काही उणे येत नाही.

आणि येथे पुरुषांना एक बोलतो. पतिव्रताधर्म आम्ही बुवा लोकांनी बायकांना पुष्कळ सांगितला. उद्या हीच माऊली विसरू लागली, तर सुभेदारांनी तिची वेणी घालावी की नाही? घालावीच. पुंडलिकाने सेवा केली तो मुलगाच होता.

हात उगारला, त्याचे काय? चार वर्षे जिला पुरती झोप नाही, तिचा हात उगारला गेला. ते वाईटच, पण त्याचा वाटा आमच्याकडेही येतो. गावात तीस माळकरी, रोज हरिपाठ, आणि दोन तास कोणी त्या घरी बसायला जात नाही! जाऊन पहा तरी. नाव विसरलेला तो माणूस हरिपाठ सुरू होताच टाळ बरोबर धरतो. जुनी चाल आणि हाताची सवय पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते, असे डॉक्टरही सांगतात. ज्या दिवशी तेही जाईल, त्या दिवशी नामाचे काय, असे तिने विचारले. विटेवरचा देव पुंडलिकाने वळून पाहण्याची वाट पाहत उभा राहिला. त्याच्या बाजूची आठवण बुजत नाही.

वारीचे सांगतो. सुभेदारांना गर्दीत नेऊ नये. असा माणूस क्षणात चुकतो. खिशात नाव, गाव, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम असावी. माजी सैनिकांच्या औषधोपचाराची ईसीएचएस योजना २००३ पासून आहे. तिचे कार्ड काढलेले नसेल तर काढावे, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नये, आणि पेन्शनच्या कागदात माऊलीचे नाव आहे ना ते पाहून घ्यावे. माऊलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला येते. तिथवर एका दिवसात जाऊन परतता येते, तेवढे दर्शन तिने घ्यावे.

त्या दिवशी घरी कोण बसणार, हे त्या गावच्या विणेकऱ्यांनी दोन महिने आधी ठरवायचे आहे, तसे मी त्यांना सांगून आलो आहे. दोघे जण असावेत आणि त्यांतला एक पेन्शनर फौजी असावा. संध्याकाळी गाडीची वेळ झाली म्हणजे कोणती गाडी, हे त्याला विचारावे लागणार नाही.