सात दिवस, एक पोथी आणि आठवड्याची गोळी



रोजचं चिंतन गेले सात दिवस आलं नाही. काहींनी काळजीने विचारलं, त्यांचे आभार. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपासून एकादशीपर्यंत, म्हणजे गीता जयंतीपर्यंत, ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण करायचं ठरवलं होतं. ते झालं. कसं झालं, ते आज सांगते. नेहमी एका ओवीवर बोलते, आज एका आठवड्यावर बोलणार आहे.

नवीन वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. मला सहा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थरायटिस आहे. आमच्या सांगोल्यात बायका त्याला सरळ आमवात म्हणतात. शरीराचं रक्षण करणारी शक्तीच वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं, गुडघे तास-दीड तास आखडलेले असतात. पुण्यातली खोली सोडून मी आई-अप्पांकडे आले त्यालाही आता चार वर्षं होतील. नोकरी घरूनच करते. आजार जाणार नाही, आटोक्यात ठेवता येतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मला ते समजायला मात्र बराच वेळ लागला.

रविवार. अध्याय 1 ते 4

पारायण पहाटे सुरू करावं असं म्हणतात. पहाटे माझी मूठच वळत नाही. पहिल्याच दिवशी चहाचा कप हातातून सुटला आणि फुटला. आई काही बोलली नाही, फरशी पुसून घेतली. मला मात्र रडू आलं. पहिल्याच दिवशी हे असं.

अकरा वाजता पोथी उघडली, तर समोर अर्जुन. त्याचे हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीय, अंगाला कंप सुटलाय आणि धनुष्य हातातून निसटतंय. पहिला अध्याय मी कितीदा तरी वाचलाय, पण हे कधी दिसलं नव्हतं. एवढा मोठा उपदेश सुरू होतो तो हातातून वस्तू निसटलेल्या माणसापाशी. त्याचं दुखणं मनाचं होतं, माझं सांध्यांचं आहे, मला कळतं. तरी भगवंत 'आधी नीट उभा राहा, मग बोलू' असं म्हणत नाहीत. तो जिथे बसलाय तिथेच बोलायला सुरुवात करतात. दुसऱ्या अध्यायात सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सोसायला शीक. मार्गशीर्षाच्या थंडीत सांधे जास्तच धरतात, त्यामुळे 'थंडी' हा शब्द मला अगदी घरचा वाटला.

सोमवार. अध्याय 5 ते 8

सहाव्या अध्यायात आसन येतं. स्वच्छ जागा, फार उंच नाही, फार खाली नाही, स्थिर बैठक. मी वाचत होते खुर्चीवर बसून, पोथी टेबलावर, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. मनात एक बोचणी होतीच, की मांडी घातलेली नाही, हे खरं पारायण म्हणायचं का?

त्याच अध्यायात थोडं पुढे भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, फार जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, झोप, जागणं सगळं जिथल्या तिथे असावं. हे वाचताना वाटलं, माप काढायचं ते प्रत्येकाने आपल्या शरीराचं. माझ्या शरीराचं माप खुर्ची आहे. त्या दिवसानंतर खुर्चीचा विचार केला नाही.

मंगळवार. अध्याय 9 ते 11

ऑफिसच्या दोन मीटिंग, त्यात दीड हजारांवर ओव्या. रात्री अकरापर्यंत वाचत होते. नवव्या अध्यायातलं पान, फूल, फळ, पाणी तुम्हाला माहीत आहेच, प्रेमाने दिलं की पुरे. मला एवढंच सुचलं की या यादीत महागडं काही नाही आणि अवघडही काही नाही. ज्याला फूल तोडता येत नाही त्याने पाणी द्यावं.

बुधवार. अध्याय 12 आणि 13

बुधवार हा माझ्या गोळीचा वार. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकूनही रोज घ्यायची नाही, त्याने जीवावर बेतू शकतं. म्हणून फोनवर रिमाइंडर आहे आणि कॅलेंडरवर आईची लाल पेन्सिल. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी फॉलिक ॲसिड आणि ठरावीक महिन्यांनी रक्ताची तपासणी, कारण यकृत आणि रक्तपेशी सांभाळाव्या लागतात.

या गोळीवरून माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती आजवर इथे लिहिली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी चातुर्मासात मी सगळी औषधं बंद केली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मनाने घेतलं, की नामावर खरा विश्वास असेल तर गोळी कशाला? गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास. सुरुवातीचे काही आठवडे बरे गेले आणि मी ते सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले. मग एका सकाळी मला कूसही बदलता येईना. आईने मला उचलून बसवलं, वेणी घातली, दात घासून दिले. तो महिना सरला, सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. औषध परत सुरू झालं. बोटं परत आली नाहीत.

बुधवारी बारावा अध्याय वाचताना त्या बोटांनीच पान उलटत होते. या अध्यायात भगवंत एक जिना खाली उतरतात. मन माझ्यात स्थिर कर. ते जमत नसेल तर अभ्यास कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही जमलं तर कर्माचं फळ सोडून दे. प्रत्येक वेळी 'जमत नसेल तर' असं म्हणत ते एक पायरी खाली येतात. न जमणाऱ्याला कुठेही रागावत नाहीत. मी मात्र त्या चातुर्मासात स्वतःला सगळ्यात वरच्या पायरीवर ढकलत होते, आणि खाली पडल्यावर वाटलं की देवाने ढकललं.

तेराव्यात ज्ञानाची लक्षणं येतात. जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि व्याधी यांतलं दुःख डोळे उघडे ठेवून पाहणं हेही त्या यादीत आहे. पाहणं म्हणजे नाकारणं नव्हे. गोळी घेतली, पाणी प्यायले, झोपले.

गुरुवार. अध्याय 14 आणि 15

गोळीच्या दुसऱ्या दिवशी माझं पोट ढवळतं, अंगात त्राण राहत नाही. अक्षरं हलायला लागली. दुपारी बारापर्यंत चाळीस ओव्याही झाल्या नाहीत. पारायण मोडणार या विचाराने पुन्हा रडू फुटलं.

अप्पा शेतावरून आले होते. आमची डाळिंबाची बाग आहे. सध्या ती ताणावर सोडलीय, पाणी बंद, म्हणून त्यांना दुपारची थोडी सवड होती. अप्पा कधी पोथी वाचत नाहीत. वारीला जातील, भजनात टाळ धरतील, पण पुस्तक नको. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आन हिकडं. तू नुसतं आईक."

अप्पांचं वाचन अडखळत, बोट फिरवत. मध्येच थांबून शब्द दोनदा म्हणायचे. पंधरावा अध्याय आला. मुळं वर आणि फांद्या खाली असलेला अश्वत्थ. अप्पा थांबले. "मुळ्या वर? मंग पानी कुठं घालायचं?" मी हसले, दोन दिवसांत पहिल्यांदा. पुढे तो वृक्ष अनासक्तीच्या शस्त्राने तोडायला सांगितलंय, तिथे ते गंभीर झाले. मी विचारलं, "अप्पा, तुम्ही झाड तोडायला लागलं की एवढे हळवे का होता?"

त्यांनी पोथी मांडीवर ठेवली. म्हणाले, "आगं, तेल्या आला की लोक म्हनत्यात बाग काढून टाका. तेल्या काय कायमचा जात न्हाय. आज न्हाय दिसला तरी पाऊस पडला की परत. पर म्हनून मी बाग काढली का? डागी फांदी कापायची, डागी फळं बागंच्या भाईर नेऊन जाळायची, कात्री धुवून मगच दुसऱ्या झाडाला लावायची, बोर्डो मारायचं. ह्ये दरसाली. त्यातनंबी फळ येतंच की."

तेल्या म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगते. डाळिंबावरचा जिवाणूमुळे होणारा रोग. फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं. पावसाच्या थेंबांसोबत तो झाडाझाडांवर पसरतो. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांची झोप त्याने उडवलीय.

अप्पांच्या बोलण्यावर मी रात्रीपर्यंत विचार करत होते. भगवंतांनी तोडायला सांगितलं ती आसक्ती. मी तीन वर्षांपूर्वी कात्री चालवली ती औषधावर, आणि 'मी किती मोठी भक्त' हा डागी भाग तसाच ठेवला. कापायचं होतं ते हे.

संध्याकाळी शेजारच्या काकू मार्गशीर्षातल्या गुरुवारचा प्रसाद घेऊन आल्या. माझी अवस्था बघून मायेने म्हणाल्या, "एवढी पोथी वाचतीस, मग त्या गोळ्या कशाला गं? ज्ञानोबा बघतील की." त्यांचा हेतू चांगलाच होता. मी एरवी गप्प बसते. त्या दिवशी हात पुढे केला आणि म्हणाले, "काकू, ही बोटं बघा. एकदा सोडल्या होत्या गोळ्या. ज्ञानोबांनीच परत घ्यायला लावल्या असं समजा." काकूंनी माझी बोटं हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

शुक्रवार. अध्याय 16 आणि 17

सतराव्या अध्यायात तपाबद्दल फार कडक शब्द आहेत. शास्त्राचा आधार नसताना, दंभ आणि अहंकार यांच्या भरात जे घोर तप करतात, ते शरीराला तर पिळतातच, पण शरीराच्या आत राहणाऱ्या मलाही पिळतात, असं भगवंत म्हणतात. हे वाचून मी पुस्तक मिटलं. माझ्या आखडलेल्या गुडघ्यात तो राहतो. मी औषध बंद केलं तेव्हा उपाशी कोण राहिलं?

शनिवार. अध्याय 18, एकादशी

अठरावा अध्याय सगळ्यात मोठा, अठराशेच्या घरातल्या ओव्या. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन रोजच्या गोळ्या घेतल्या, उपास मोडला असं एकदाही वाटलं नाही. या अध्यायात उलटी बाजूही आहे. शरीराला त्रास होईल या भीतीने कर्तव्य सोडलं तर तो त्याग राजस, त्याचं फळ मिळत नाही. म्हणजे काल सांगितलं शरीराला पिळू नको, आज सांगतात शरीराच्या भीतीने मागे हटू नको. या दोन्हींच्या मधली वाट रोज सकाळी नव्याने शोधावी लागते. आज मला दुखतंय म्हणून थांबायला हवं, की कंटाळा आलाय म्हणून दुखण्याचं नाव पुढे करतेय? खरं उत्तर मला आणि त्यालाच माहीत असतं. कधी कधी मलाही नसतं.

गल्लीतले लोक पंढरपूरला निघाले होते. जेमतेम तीसेक किलोमीटर. मला जाता आलं नाही. तेव्हा कूर्मदास आठवले. महिपतींच्या 'भक्तविजया'त त्यांची कथा आहे. पैठणचे हे भक्त, हातपाय नाहीत. पंढरीला जायचंच म्हणून सरपटत निघाले. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आले आणि तिथे थकले. एकादशी तोंडावर, पंढरी अजून दूर. त्यांनी वारकऱ्यांबरोबर विठोबाला निरोप धाडला, की मला पुढे येता येत नाही, तूच ये. आणि देव आला. लऊळला त्यांचं मंदिर आहे.

या कथेत देवाने कूर्मदासांना हातपाय दिले असं मी कधी ऐकलं नाही. देव भेटायला आला, एवढंच. आणि 'मला जमत नाही' हे सांगायला कूर्मदासांना लाज वाटली नाही.

सांगोल्याच्या स्टेशनवर उभं राहिलं की रूळ एका बाजूला मिरजेला जातात, दुसऱ्या बाजूला पंढरपूर आणि पुढे कुर्डुवाडीला. मिरजेला माझे डॉक्टर. पंढरपूरला माझा विठोबा. पूर्वी वाटायचं यातली एकच दिशा निवडायची आहे. पण रूळ तर एकच आहेत.

रात्री साडेनऊला पसायदान म्हटलं. आई, अप्पा, मी. माउलींनी जे मागितलं ते सगळ्यांसाठी. म्हणून मीही या वेळी माझ्या बोटांसाठी काही मागितलं नाही. काकूंसाठी मागितलं, बागेसाठी मागितलं, आणि तुमच्यापैकी जे कोणी पीजीच्या खोलीत एकटे गोळ्यांचा डबा उघडून बसता, त्यांच्यासाठी मागितलं.

आजचा छोटा संकल्प: तुमचं काही औषध चालू असेल तर आज ते वेळेवर घ्या, आणि घेताना नाम घ्या. बंद करायचं मनात आलं तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि साधनेतली एखादी गोष्ट जमत नसेल, तर एक पायरी खाली उतरा. तो तिथेही आहे.

उद्यापासून रोजचं चिंतन नेहमीप्रमाणे. सकाळी नाही, अकरानंतर. मूठ वळली की.

राम कृष्ण हरी.