अणूचे दर्शन: प्रत्यक्ष की अनुमान?

वैशेषिक दर्शनात खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगणारा त्रसरेणू हा डोळ्यांना दिसणारा सर्वांत लहान पदार्थ मानला असून, जे दिसते ते अवयवांचे बनलेले असते या नियमावरून त्याच्या पलीकडचे द्व्यणुक आणि अखेरीस निरवयव परमाणू अनुमानाने सिद्ध केले जातात. हा परमाणू आणि आजच्या विज्ञानातील अणू एक नव्हेत. तरीही अणूंच्या रांगा पडद्यावर दाखवणाऱ्या ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमुळे प्रत्यक्ष आणि अनुमान यांचा तो प्रमाणविचार, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा विचार, पुन्हा जिवंत होतो.

मॅक्स नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी 1931 मध्ये बर्लिन येथे या उपकरणाचा पाया घातला. 200 किलोव्होल्टच्या दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे 2.5 पिकोमीटर, म्हणजे अणूच्या व्यासाहून कितीतरी कमी असते. हे इलेक्ट्रॉन 100 नॅनोमीटरहूनही पातळ नमुन्यातून आरपार जातात आणि चुंबकीय भिंगे त्यांची प्रतिमा उभी करतात. मात्र अशा नमुन्यात इलेक्ट्रॉन फारसे अडत नाहीत, केवळ त्यांच्या तरंगांची कला, म्हणजे चढउतारांची वेळ, बदलते, आणि हा अदृश्य बदल छायाप्रकाशात उतरवण्यासाठी फोकस मुद्दाम किंचित ढळवावा लागतो. फोकस काही नॅनोमीटर इकडेतिकडे झाला, की अणूंचा तोच स्तंभ काळ्याचा पांढरा दिसू लागतो. म्हणून गणिताने काढलेल्या प्रतिमेशी ताडून पाहिल्यावाचून ठिपक्याचा अर्थ लागत नाही.

न्याय दर्शनानुसार प्रत्यक्ष ज्ञान इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संबंधातून, उपजते. येथे डोळ्याचा संबंध पडद्यावरील चित्राशी येतो, अणूशी नव्हे; त्यामुळे या दर्शनाला अनुमान म्हणणेच प्रामाणिकपणाचे ठरते, आणि त्याने त्याचे मोल तसूभरही घटत नाही. उलट, अनुमान म्हटले की हेतूची, म्हणजे ज्या खुणेवरून निष्कर्ष काढला त्या खुणेची, परीक्षा अटळ होते. ही खूण फसवी निघण्याच्या धोक्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचे संशोधक रिचर्ड हेंडरसन यांनी 2013 मध्ये कळकळीने लक्ष वेधले: निव्वळ गोंगाटाच्या हजार प्रतिमा आइनस्टाइन यांच्या छायाचित्राशी जुळवून त्यांची सरासरी काढली, तर त्यांचाच चेहरा उमटतो. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात.

त्यावरचा खरा उपाय अधिक ठळक चित्र हा नसून, वेगळ्या मार्गाने येणारी साक्ष हा आहे. सिलिकॉनचा स्फटिक ठरावीक दिशेने पाहिला असता त्यातील स्तंभ जोडीजोडीने दिसतात आणि जोडीतील अंतर 0.136 नॅनोमीटर भरते. भिंगांचा वा फोकसचा काहीही संबंध नसलेल्या क्ष-किरण विवर्तनातूनही, म्हणजे स्फटिकावरून विखुरलेल्या किरणांच्या मोजणीतूनही, तेच अंतर निघते.