नागसेनाची अट

शीवला कल्याणची धीमी लोकल पकडली की तासाभरात आपण अशा गावी उतरतो, जिथे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक जहाजांची ये-जा होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा, कल्याण, चौल ही आपली तिन्ही बंदरं आहेत. त्याच पुस्तकात भडोचबद्दल एक नोंद आहे. तिथल्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची जुनी, ग्रीक अक्षरांची नाणी अजून चालतात, असं तो सांगतो. मिनँडरला जाऊन तेव्हा दोनेकशे वर्षं लोटत आली होती.

हा मिनँडर म्हणजे आपला मिलिंद.

अलेक्झांडर पंजाबातून मागे फिरला, पण बॅक्ट्रियात ग्रीक सत्ता टिकून राहिली आणि पुढे तिच्यातलेच राजे हिंदुकुश उतरून खाली आले. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर मिनँडर राज्य करत होता. त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजचं सियालकोट. अलेक्झांडरपेक्षा अधिक जमाती त्याने जिंकल्या, अशी एका जुन्या इतिहासकाराची नोंद ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो देतो. यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, साकेताला वेढा घातला, असं उदाहरण पतंजलीच्या महाभाष्यात आहे. ते यवन मिनँडरचेच का, यावर एकमत नाही. त्याची चांदीची नाणी मात्र भरपूर सापडली आहेत. एका बाजूला राजाची प्रतिमा आणि ग्रीक अक्षरं. उलट बाजूला वज्र उगारलेली अथीना आणि भोवती खरोष्ठी लिपीत 'महाराजस त्रतरस मेनंद्रस'. त्राता हे बिरुद त्याने स्वतःच लावून घेतलेलं आहे, जसं कुठल्याही विजेत्याने लावावं. ज्यांची गावं त्याच्या घोड्यांखाली गेली त्यांना विचारलं असतं तर त्यांनी दुसरा शब्द दिला असता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मला या राजाबद्दल आदराने बोलायचं आहे.

त्या साऱ्या विजयांतलं काहीही उरलं नाही. उरलं ते 'मिलिंदपञ्ह' हे पाली पुस्तक, म्हणजे राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद. तो जसाच्या तसा घडला असं कोणी मानत नाही. ग्रंथ राजाच्या नंतरचा आहे आणि त्यातले काही भाग तर बरेच पुढचे. तरी त्यातला राजा ठसठशीत आहे. वादात सगळ्यांना गप्प केल्यावर तो म्हणतो की जंबुद्वीप पोकळ आहे, माझी शंका फेडणारा इथे कोणी नाही. मग नागसेन येतो आणि पहिल्या प्रश्नोत्तरांनंतर, वाद पुढे नेण्याआधी एक अट घालतो. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलेन, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. राजा फरक विचारतो. नागसेन सांगतो, पंडितांच्या वादात गुंता होतो, सुटतो, एखादा हरतो, पण म्हणून कोणी रागावत नाही. राजे एक मत मांडतात आणि विरोध करणाऱ्याला दंड करा म्हणतात. मिलिंद अट कबूल करतो. वर सांगतो की तुम्ही एखाद्या श्रामणेराशी, उपासकाशी, अगदी विहारातल्या सेवकाशी बोलता तसं माझ्याशी निर्धास्त बोला.

याच संवादातला रथाचा दृष्टान्त पुढे जगभर गाजला. मला मात्र हा अटीचा प्रसंग त्याहून मोठा वाटतो, कारण नंतरचा सगळा मोकळेपणा त्यातून येतो. तो राजापुरता राहतही नाही. नागसेनाला राजवाड्यात आणताना वाटेत अनंतकाय नावाचा अधिकारी त्याला थेट विचारतो की 'नागसेन' म्हणजे नेमकं काय? आत-बाहेर होणारा श्वास, तोच जीव, असं त्याचं स्वतःचं मत. नागसेन विचारतो, शंख फुंकणाऱ्याचा बाहेर गेलेला श्वास परत येतो का? नाही. मग तो मरत का नाही? अनंतकाय सरळ म्हणतो, तुमच्याशी वाद घालायची माझी ताकद नाही, तुम्हीच अर्थ सांगा. हार मानायला त्याला जड जात नाही, कारण त्याच्या राजाच्या दरबारात हरणं हा गुन्हा उरलेला नाही.

ग्रंथाच्या शेवटी राजा मुलाला गादी देऊन घर सोडतो आणि अर्हत होतो. हे मला पटत नाही. त्याआधी एका ठिकाणी तो म्हणतो की सोन्याच्या पिंजऱ्यातला सिंह जसा बाहेर तोंड करून असतो तसा मी घरात आहे, पण घर सोडलं तर फार जगणार नाही, माझे शत्रू पुष्कळ आहेत. हा राजा मला खरा वाटतो. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कही सांगतो की मिनँडर न्यायाने राज्य करत होता आणि लष्कराच्या छावणीत वारला. त्याच्या रक्षेवरून शहरं भांडली आणि शेवटी वाटणी करून त्यांनी स्मारकं उभारली.

यवन आणि बौद्ध यांच्यातला हा संवाद आपल्या मातीला परका नव्हता. अशोकाच्या काळात अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, धम्म सांगायला आलेला भिक्षू धम्मरक्खित 'योन', म्हणजे यवन होता, असं महावंस सांगतो. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आजही उभे आहेत. १९४० साली मुंबई विद्यापीठाने आर. डी. वाडेकरांनी संपादित केलेला 'मिलिंदपञ्हो' देवनागरीत छापला.

त्याच मुंबईत लालबाग, परळ, दादर करत शीवला येऊन थांबणाऱ्या रस्त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. त्याच्या लगतच्या हिंदू कॉलनीत त्यांचं घर, राजगृह. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला दुसरं महाविद्यालय. त्याला पुढे मिलिंद नाव मिळालं आणि भोवतालच्या परिसराला नागसेनवन. ज्या मुलाला शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, ज्याला संस्कृत नाकारल्यामुळे फारसी घ्यावी लागली, त्याने मोठेपणी विद्येच्या घराला उत्तर देणाऱ्याचं नाव न देता विचारणाऱ्याचं दिलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वर्गाच्या दाराशी उभं राहण्याचीही मुभा नव्हती, ती मुलं तिथे राजाच्या जागी बसतात. नागसेनाची जागा शिक्षकाची. आणि इथे ती जुनी अट उलटी फिरते. वर्गात हुद्दा शिक्षकाकडे असतो, नापास करण्याचा अधिकारही त्याच्याकडे. तेव्हा राजासारखं न बोलण्याचं वचन आता त्यालाच द्यावं लागतं, तेही पहिला प्रश्न येण्याआधी.