कर्जखत कोणी फाडावे?

प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपल्या घरांतून रोज म्हटली जाते. परंतु तिच्यातील क्षमेच्या मागणीत एक हिशेबी शब्द दडलेला आहे, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात या ठिकाणी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ ऋण असा होतो. अपराध म्हणजे देणे, अपराधी म्हणजे देणेकरी आणि क्षमा म्हणजे ते देणे सोडून देणे.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जखते. जेथे ती मुकाट्याने हाती आली, तेथे मारहाण सहसा झाली नाही. खते जाळली आणि लोक घरी गेले. त्याच काळात आंबेगावच्या डोंगरांत जांभोरीचा महादेव कोळी होन्या केंगले सावकारांवर उठला होता. काही सावकारांची नाके कापली गेली. १८७६ साली होन्या पकडला गेला. पुढे १८७९ च्या कायद्याने खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. खतांत अन्याय होता, याचीच ती कबुली होती. त्या शेतकऱ्यांना आपण दोष देऊ शकत नाही. मात्र देणेकऱ्याने खत जाळणे, हा संताप असेल, कदाचित न्यायही असेल. ती क्षमा नव्हे. क्षमेचे खत ज्याच्या पेटीत आहे, त्यानेच ते फाडावयाचे असते.

आपल्या कुटुंबांत मात्र याचा पुष्कळदा विसर पडतो. ज्याने दुखावले तोच म्हणतो, 'झाले गेले गंगेला मिळाले.' मार खाल्लेल्या सुनेला, वाटणीत फसलेल्या धाकट्या भावाला आपण वडीलकीने सांगतो, 'ख्रिस्ती आहेस ना? मग क्षमा कर.' हे दुसऱ्याची पेटी फोडण्यासारखेच आहे. जक्कयाने तसे केले नाही. ज्यांना लुबाडले होते, त्यांना चौपट परत देण्याची तयारी त्याने आधी दाखविली.

पण ज्याच्या पेटीत खत आहे, त्याने काय करावे? निर्दय चाकराच्या दाखल्यातील आकडे येथे उपयोगी पडतात. राजाने त्याला दहा हजार तालांत सोडले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! सोबत्याकडे त्याचे येणे होते अवघे शंभर दिनार. 'अवघे' हा शब्द आपण सहज वापरतो खरा. परंतु नारायणगावच्या टोमॅटोच्या मळ्यात राबणाऱ्या बाईला शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर काय होते, ते विचारावे. तुझे नुकसान क्षुल्लक आहे, असे प्रभू येशू कोठेही म्हणत नाही. जो खत फाडतो, ती रक्कम त्याच्याच अंगावर पडते. राजाच्याही अंगावर ती पडली. तिची किंमत किती, ते आपण क्रूसावर पाहतो.

आपली अडचण बहुधा मुद्दलाची नसते, व्याजाची असते. जुन्या हिंदू कायद्यातील दामदुपटीच्या नियमाप्रमाणे व्याज मुद्दलापलीकडे जात नसे. मनात धरलेल्या डुखाला तेवढीही मर्यादा नाही. वीतभर बांध कोरला म्हणून बोलणे टाकले जाते, मग लग्नाची आमंत्रणे थांबतात, मग चुलतभावंडे देवळात वेगवेगळ्या बाकांवर बसू लागतात आणि मिस्सेत शांतीचे अभिवादन नेमके उलट्या बाजूला वळून केले जाते.

बांधाचा दावा चालू असताना क्षमा करता येते का, असे कोणी विचारील. आमच्या मते येते. सरकारी मोजणी जरूर मागावी, आपली वीतभर जमीन परत घ्यावी. मोजणीची तारीख लागेपर्यंत भावाच्या घरच्या आजाऱ्याला भेटावयास जाण्यास मात्र कोणत्याही न्यायालयाची मनाई नाही.