कुंपण, कुलूप आणि पॉलिसी

मंडळाच्या उन्हाळी सहलीत जेवणे आटोपली की गप्पांची गाडी हमखास बागेवर येते. कुणाच्या टोमॅटोने यंदा जीव धरला, कुणाचा कढीपत्ता थंडीने गेला, आणि मग आवाज जरा खाली आणून, "आमच्या दारातल्या दोन्ही टांगत्या कुंड्या नेल्या हो!" त्यावर प्रत्येकाकडे एक किस्सा असतो. कुणाचे लॉनमोवर गेलेले असते, कुणाची शेडमधली सायकल. उपायही प्रत्येकाकडे असतो : कॅमेरा, माणूस जवळ आला की पेटणारा दिवा, पायाखाली करकर वाजणारी खडी, कुंपणाला काटेरी झुडपे. उपाय सगळे चांगलेच आहेत. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. आपण लावलेले राखण्यासाठी माणसाने कुठवर जावे?

बागेतल्या चोरीबद्दल आपले मराठी मन तसे दुटप्पीच आहे. पुण्यात पहाटे फिरायला निघालेले आजोबा हातात आकडी आणि पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद काढतात, आणि मालकाने हटकले तर "देवासाठी आहेत" म्हणून वर मालकालाच ओशाळे करतात. त्यांना तरी का बोल लावावा? सत्यभामेच्या अंगणातला पारिजातक कृष्णाने इंद्राच्या बागेतून उचलून आणला होता, आणि त्याची फुले पुन्हा रुक्मिणीच्या अंगणात पडत होती. मालकीचा हिशेब तिथेच बिघडला!

इंग्रजी कायद्यालाही या बाबतीत थोडे हळवे व्हावे लागले आहे. १९६८ च्या थेफ्ट अॅक्टप्रमाणे रानात आपोआप उगवलेली फुले, फळे, अळिंबी कुणी स्वतःसाठी खुडली तर ती चोरी ठरत नाही. विकण्यासाठी खुडली तर ठरते. लावलेल्या झाडाला मात्र ही सवलत नाही. म्हणजे कुणीतरी खड्डा खणला, पाणी घातले, वाट पाहिली की झाडाची जात बदलते. मला ही रेघ पटते.

पण लावलेले झाड आपले म्हणून त्याच्यासाठी काय वाटेल ते करावे का? या प्रश्नावर इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना एक जुना खटला शिकवतात, 'बर्ड विरुद्ध होल्ब्रुक'. ब्रिस्टलजवळ होल्ब्रुक नावाच्या गृहस्थांची भिंतीआडची बाग होती. त्यात मोलाची ट्यूलिप. सुमारे वीस पौंडांची फुले आणि कंद चोरीला गेल्यावर त्यांनी बागेत, तारेला पाय लागताच उडणारी बंदूक बसवली. पाटी मुद्दाम लावली नाही, कारण पाटी पाहून चोर सावध झाला असता. १८२५ साली शेजारची एक लांडोर उडून बागेत शिरली. तिला शोधणाऱ्या नोकराची धांदल पाहून एका तरुणाने मदत करायची ठरवली. त्याने भिंतीवर चढून दोन-तीन हाका मारल्या, उत्तर आले नाही, म्हणून तो आत उतरला. बंदूक उडाली आणि त्याचा गुडघा गेला. १८२७ साली पार्लमेंटने अशा बंदुका लावण्यावर बंदी आणली आणि १८२८ साली कोर्टाने होल्ब्रुकला नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरले.

या खटल्यातला माझा आवडता भाग निकाल नाही, लांडोर आहे. होल्ब्रुकच्या मनात भिंतीवरून येणारा प्रत्येक जण चोरच होता. शेजाऱ्याची लांडोर आणि परोपकारी पोरगा यांना त्याच्या हिशेबात जागाच नव्हती.

आज बंदूक नाही, पण तो हिशेब शिल्लक आहे. आपल्याकडे भिंतीवर काचा रोवतात. इथे तसे कुणी केले आणि एखादा कापला गेला, तर १९८४ च्या कायद्याने न बोलावता आलेल्या माणसाबद्दलही मालकाची काही जबाबदारी उरते. कुंपण दोन मीटरपेक्षा, आणि वाहनांच्या रस्त्यालगत एक मीटरपेक्षा उंच करायचे तर परवानगी लागते. हे कौन्सिलचे नियम आपल्याला जाचक वाटतात. मला मात्र एम.एस्सी.च्या वर्षातली एक नोव्हेंबरची संध्याकाळ आठवते. भाड्याच्या खोलीचा पत्ता शोधत मी दारांवरचे नंबर वाचत चाललो होतो, तेव्हा एकेका घराचा दिवा भक्कन पेटत होता आणि पडदे हलत होते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते हलणारे पडदे बाहेरून पाहिले आहेत. आता पडद्याच्या आत आपण आहोत.

आमच्या आयटीच्या धंद्यात कुठल्याही धोक्याचे चार मार्ग सांगतात : टाळा, कमी करा, दुसऱ्यावर सोपवा, नाहीतर सोसा. भिंत आणि कॅमेरा दुसऱ्या मार्गावरचे. विमा तिसऱ्या. आपण विम्याला कोरडा, कारकुनी मामला समजतो. माझ्या मते सगळ्यांत माणुसकीचा मार्ग तोच आहे. त्यात कुणावर संशय घ्यावा लागत नाही. अनोळखी हजारो लोक थोडे थोडे पैसे एकत्र ठेवतात आणि ज्याचे जाईल त्याला त्यातून देतात. कोकणात वाडीच्या राखणदाराला वर्षाची राखण देतात. हप्ता तोही भरायचाच असतो, फक्त तिथे फॉर्म नसतो!

अर्थात विम्यालाही मर्यादा आहेत. घरसामानाच्या बऱ्याच पॉलिसींत बागेतल्या वस्तूंसाठी वेगळी, लहान रक्कम असते. झाडांसाठी कधी त्याहून लहान, कधी काहीच नाही. शेडला कुलूप असल्याशिवाय किंवा ते फोडल्याची खूण असल्याशिवाय काही कंपन्या दावा मानत नाहीत. वर एक्सेस, म्हणजे पहिली ठरावीक रक्कम आपली. तेव्हा पॉलिसी वाचावी, महागड्या वस्तूंचे फोटो आणि पावत्या ठेवाव्यात, आणि बागेतल्या मालापेक्षा जादा हप्ता वाढत असेल तर सोडून द्यावे. कुंपणानेच शेत खाल्ले असे व्हायला नको.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या दारातली दगडी कुंडी गेली. तीत आईने तिच्या शेवटच्या मुक्कामात लावलेली तुळस होती. चोराने तुळस मातीसकट हिरवळीवर पालथी केली आणि कुंडी नेली. सौ. बराच वेळ त्या मातीशेजारी बसून होती. कुंडीची किंमत चाळीस पौंड, आमचा एक्सेस शंभर. म्हणजे कागदावर काहीच गेले नव्हते.

एका मित्राने मनापासून सुचवले, "दोन कुंड्या होत्या म्हण, बरोबर टेबल-खुर्च्याही गेल्या म्हण. इतकी वर्षं हप्ते भरलेस की!" हा युक्तिवाद आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि तो म्हणणारी माणसे वाईट नसतात. कायद्याचे उत्तर सोपे आहे : इन्शुरन्स अॅक्ट २०१५ प्रमाणे फसवा दावा केला तर त्यातला खरा भागही कंपनी नाकारू शकते. (गंमत म्हणजे, दावा पूर्ण खरा असेल आणि तो पटवण्यासाठी बिनमहत्त्वाचे खोटे बोलले गेले असेल, तर तो बुडत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१६ साली एका जहाजाच्या खटल्यात ठरवले. न्यायाधीशांनाही माणूस कळतो.)

पण मला अडवले ते कायद्याने नव्हे. विमा हा व्यवहारच शब्दावर चालतो. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तसे बजावले होते. पूर्वी विचारले नाही तेही ग्राहकाने सांगावे लागे. २०१२ च्या कायद्याने ते ओझे उतरवले, आता विचारलेल्याचे काळजीपूर्वक, खरे उत्तर दिले की झाले. आमच्या दारात न येता कुणीतरी माझ्या शब्दावर पैसे द्यायला तयार आहे. मी नसलेल्या खुर्च्या लिहिल्या, तर त्या सामायिक पेटीच्या बाबतीत मी आणि तो कुंडीवाला एकाच बाजूचे होतो. फरक इतकाच की त्याला अंधारात यावे लागले. आणि अशा खुर्च्या पुष्कळ झाल्या की हप्ते वाढतात, अटी वाढतात, तपासनीस येतात. म्हणजे भिंत उंच होतेच, फक्त ती विटांची नसते. मित्राला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि "तू फार विचार करतोस" म्हणाला. तेही खरेच.

तर ते साठ-सत्तर शब्दांचे खोटे लिहिले नाही आणि चौथा मार्ग पत्करला. कुंडी सोसली. तुळस जगली, हल्ली ती प्लॅस्टिकच्या कुंडीत स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, उन्हाळ्यात परसात. शेडला भक्कम कुलूप आहे, कारण पॉलिसीत तशी अट आहे. पुढच्या फाटकाला नाही. शेजारच्या मुलांचा चेंडू आठवड्यातून दोनदा तरी आत येतो.