बिनकराराचा नट

जपानी सिनेमाच्या सुवर्णकाळाची आठवण निघाली की दिग्दर्शकांची नावे आधी येतात: कुरोसावा, कोबायाशी, नारुसे, इचिकावा. या चौघांकडेही महत्त्वाच्या भूमिका केलेला नट म्हणजे तात्सुया नाकादाई. आज ही गोष्ट सहज वाटते, पण त्या काळी ती तशी नव्हती. १९५३ साली तिथल्या पाच बड्या चित्रपट कंपन्यांनी आपसांत ठराव केला, की कुणी दुसऱ्याचे नट-दिग्दर्शक पळवायचे नाहीत आणि आपले उसनेही द्यायचे नाहीत. त्यामुळे तोहोचा नट तोहोत आणि शोचिकूचा शोचिकूत अडकला. नाकादाईंनी मात्र कोणत्याच कंपनीशी बांधून घेणारा करार केला नाही. तोहोसाठी ‘योजिंबो’, शोचिकूसाठी ‘हाराकिरी’, दाइएसाठी ‘एन्जो’ असा त्यांचा मोकळा संचार राहिला. त्यांच्या अभिनयाचा पल्ला या नकारातून आला आणि हा नकार त्यांना परवडला तो रंगभूमीमुळे, असे माझे ठाम मत आहे.

१९३२ साली तोक्योत जन्मलेले नाकादाई विशीत ‘हाइयुझा’ या नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षण वर्गात दाखल झाले. ‘सेव्हन सामुराय’मध्ये (१९५४) रस्त्याने चालत जाणारा एक सामुराय, एवढेच त्यांचे काम होते. काही क्षणांच्या त्या चालण्यासाठी कुरोसावांनी त्यांना तासन् तास पुन्हा पुन्हा चालायला लावले. त्यानंतर पाच वर्षांनी कोबायाशींच्या ‘द ह्यूमन कंडिशन’चा पहिला भाग आला. तीन भागांच्या, साडेनऊ तासांहून लांब अशा या चित्रपटात युद्धाच्या चरकात सापडलेला सदसद्विवेकी काजी त्यांनी उभा केला. पाठोपाठ ‘योजिंबो’त (१९६१) ते पिस्तूल मिरवणारा निर्दय गुंड झाले. १९६२ साली ‘हाराकिरी’ आला, तेव्हा त्यांचे वय होते २९ आणि भूमिका होती नातवाचे दुःख उरात घेऊन आलेल्या, पिकलेल्या रोनिनची, म्हणजे धनी नसलेल्या सामुरायची. एखाद्या कंपनीने पाळलेल्या ताऱ्याला लागोपाठ इतक्या वेगळ्या भूमिका क्वचितच मिळाल्या असत्या. चाललेली प्रतिमा पुन्हा पुन्हा विकणे हा कंपनीचा धंदाच असतो. ज्याला दरवर्षी रंगमंचावर परतायचे आहे, त्याला मात्र कोणत्याही एका प्रतिमेत कायमचे राहणे शक्य नसते. ‘हाइयुझा’च्या रंगमंचावर १९६४ साली ते हॅम्लेट झाले. चित्रपटांतली मागणी शिगेला पोचली होती, त्याच काळातली ही गोष्ट आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. तोशिरो मिफुने, सेत्सुको हारा, चिशू र्यू ही कंपन्यांच्या छत्राखाली वाढलेली माणसे, मग ती काय उणी होती? मुळीच नव्हती. एकाच प्रतिमेत वर्षानुवर्षे खोल उतरत जाणे हीदेखील मोठी कला आहे आणि ओझूंच्या चित्रपटांतला र्यू हा तिचा कळस आहे. पण ती खोली ओझूंसारखा दिग्दर्शक भेटला म्हणून लाभली. असा दिग्दर्शक न भेटलेल्या कितीतरी गुणी नटांना कराराने साचेबंद करून टाकले. दुसरा आक्षेप नाकादाईंच्या शैलीवर आहे. त्यांचे विस्फारलेले डोळे आणि खर्जातला आवाज कॅमेऱ्यासमोर नाटकी वाटतात, असे म्हणतात. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण ‘हाराकिरी’ पाहा. वाड्याच्या अंगणात एक माणूस बसून आपली हकीकत सांगतो आणि त्या सांगण्यावर अख्खा चित्रपट तोलला जातो. बसल्या जागी, निव्वळ शब्दांवर प्रेक्षकाला धरून ठेवण्याचे हे बळ नाटकाच्या तालमीतून येते. कुरोसावांच्या, ‘किंग लियर’वर बेतलेल्या ‘रान’मध्ये (१९८५) तर ही नाटकीयताच चित्रपटाचा कणा आहे. बावन्नाव्या वर्षी, नो नाटकातल्या मुखवट्यासारखी रंगभूषा करून ते सत्तरीचे हिदेतोरा झाले. ‘नटसम्राट’मुळे लियरची व्यथा आपल्या घरातली वाटणाऱ्या मराठी प्रेक्षकाला, जळत्या किल्ल्याच्या पायऱ्या शून्य नजरेने उतरणारा हा म्हातारा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. असे स्वातंत्र्य एखाद्या असामान्य नटालाच परवडते, बाकीच्यांनी काय करावे? नाकादाईंनी याचे उत्तर कृतीने दिले. १९७५ साली पत्नी यासुको मियाझाकी यांच्यासह त्यांनी ‘मुमेइजुकु’, म्हणजे ‘निनावी शाळा’, सुरू केली. तिथे निवड कठोर होती, पण शिकवणी विनाशुल्क होती. अभिनेते कोजी याकुशो याच शाळेतून पुढे आले. सिनेमात मिळालेले नाव नाटकाच्या, आणि तेही नवख्या मुलांच्या, कामी लावणे हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते. त्यांची मुख्य भूमिका असलेल्या ‘कागेमुशा’ला १९८० साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ते याच्यानंतर.

नोतो द्वीपकल्पातल्या एका गावात ‘मुमेइजुकु’च्या मंडळींचे वर्षानुवर्षे जाणे-येणे होते. तिथे १९९५ साली नाट्यगृह उभे राहिले. त्याच्या रंगमंचाची मागची भिंत उघडते आणि खरी झाडी नाटकात सामील होते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने हा सारा प्रदेश हादरला. पुढच्या वर्षी, वयाच्या ९२ व्या वर्षी, नाकादाई त्याच नाट्यगृहात ब्रेख्तच्या नाटकातली ‘मदर करेज’ म्हणून उभे राहिले. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.