श्रद्धा, कल्पना आणि श्रोता

धर्माचा उपदेश करणाऱ्यानें कथेचा आश्रय करावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां वाङ्मयाचा वाटतो; वस्तुतः तो नीतीचा आहे. ज्याला आपलें मत दुसऱ्याच्या गळीं उतरवावयाचें आहे, तो युक्तिवाद सोडून गोष्ट सांगूं लागला म्हणजे श्रोत्याच्या मनांत संशय येणें साहजिक आहे. कडू औषध गुळांत घोळून द्यावें, तसा हा प्रकार नाहीं ना? उलटपक्षीं श्रद्धाळू मनुष्यासही भय वाटतें. जें आपण सत्य मानतों त्यावर कल्पनेची वेल एकदां चढूं दिली, कीं मूळ खांब कोणता आणि वेल कोणती, हें पुढल्या पिढीस कळेनासें होईल. ख्रिस्ती धर्म आणि मराठी वाङ्मय यांचा जो चारशें वर्षांचा संबंध आहे, त्याच्या आधारें या दोन्ही आक्षेपांचा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय तीर्थपुरीस बसून लिहिणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घनसावंगी तालुक्यांतच जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम आहे. गोदावरीच्या कांठानें वर गेलें म्हणजे एकनाथांचें पैठण लागतें. आणि उत्तरेस जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं एकोणिसाव्या शतकांत वसविलेलें बेथेल हें ख्रिस्ती गांव आहे. बेथेल म्हणजे देवाचें घर. याकोब दगडाची उशी करून उघड्यावर निजला असतां त्यास पृथ्वीपासून आकाशापर्यंत पोंचलेली शिडी स्वप्नांत दिसली, आणि त्यानें त्या जागेस हें नांव दिलें, अशी बायबलांत कथा आहे. एका परदेशी मेंढपाळाचें स्वप्न मराठवाड्याच्या काळ्या मातींत गांवाचें नांव होऊन बसलें. कथेच्या सामर्थ्याचा याहून जवळचा पुरावा आम्हीं कोठें शोधावा?

रामदासांचा जन्म इ. स. १६०८ मधला. त्यानंतर आठच वर्षांनीं, म्हणजे १६१६ सालीं, गोव्याच्या साष्टी प्रांतांत रायतूर येथें फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ मध्यें मरण पावेपर्यंत त्याच मुलुखांत राहिला. त्याच्या ग्रंथाचीं अक्षरें रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा; ओव्यांची संख्या दहा हजारांहून अधिक. ग्रंथाचें निमित्त आरंभींच सांगितलें आहे. एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विनवितो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्या रीतीचें दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? या एका प्रश्नांत आमचा सारा विषय आला. स्टीफन्सनें कोंकणींत प्रश्नोत्तररूप ख्रिस्ती शिकवणही लिहिली होती. परंतु प्रश्नोत्तरें पाठ केल्यानें मनुष्याची भूक भागत नाहीं. दिवेलागणीनंतर चार माणसांत बसून ऐकावें, ऐकतां ऐकतां रडावें, हंसावें, असें त्याला कांहीं हवें असतें. नव्या श्रद्धेला पुराण नव्हतें, म्हणून ती अद्याप घरांत शिरली नव्हती. ओसरीवर उभी होती.

ही मागणी पुरी करतांना पाद्र्यास कांहीं द्यावेंही लागलें. स्वर्गाकरितां त्यानें 'वैकुंठ' हा शब्द स्वीकारला. शब्द कोऱ्या पाटीसारखे नसतात. वैकुंठ म्हणतांच मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें जें कांहीं उभें राहतें तें पुसून टाकणें कोणाही पाद्र्याच्या हातीं नव्हतें. ओवी घेतली कीं ओवीबरोबर पुराणिकाची आळवणी आली, श्रोत्यांशीं त्याचा संवाद आला. श्रद्धेनें कथेला विषय पुरविला हें खरेंच. पण कथेनें श्रद्धेला चेहरा दिला आणि तो चेहरा मराठी होता.

तथापि, येथें एक कठीण गोष्ट बोलून टाकिली पाहिजे. १५६७ सालीं याच साष्टींतील देवालयें पाडण्यांत आलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर तेथील गांवकऱ्यांच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या निमित्तानें बोलावून पोर्तुगीजांनीं ठार केलें. ज्याचें जुनें पुस्तक हिरावून घेतलें त्यालाच नवें पुस्तक देणें, याला दान म्हणावें काय? आमच्या मतें म्हणतां येत नाहीं. आणि ग्रंथाच्या सौंदर्यानें तो डाग धुतलाही जात नाहीं. परंतु पुढें काय झालें तेंही पाहिलें पाहिजे. त्याच सत्तेनें १६८४ सालीं लोकभाषेविरुद्ध फर्मान काढिलें. तरीही 'ख्रिस्तपुराण' नाहींसें झालें नाहीं. लोकांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि त्यांच्या आधारें जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तें पुन्हा छापलें. सत्तेच्या आश्रयानें जन्मलेली कथा सत्तेच्या विरोधांतही टिकली, कारण मधल्या काळांत ती पाद्र्यांची न राहतां श्रोत्यांची झाली होती.

मग प्रामाणिक धर्मकथा आणि गुळांतलें औषध यांत भेद कसा ओळखावा? आम्हांस याची कसोटी ख्रिस्ताच्याच दृष्टांतांत आढळते. "माझा शेजारी कोण?" असें एका शास्त्र्यानें विचारलें, तेव्हां ख्रिस्तानें व्याख्या सांगितली नाहीं. वाटेंत लुटलेल्या मनुष्याची आणि त्याला उचलून नेणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची गोष्ट सांगितली, व शेवटीं प्रश्नच केला कीं, या तिघांत शेजारी कोण ठरला? उधळ्या पुत्राच्या गोष्टींत धाकटा परत येतो, मेजवानी होते. पण थोरला भाऊ रुसून दाराबाहेर उभा असतांच कथा संपते. तो आंत गेला कीं नाहीं, हें सांगितलेलेंच नाहीं. तें दार श्रोत्यानें उघडावयाचें आहे. जी कथा निर्णय श्रोत्याच्या हातीं ठेवते ती प्रामाणिक. जी त्याच्या नकळत निर्णय उरकून घेते ती फसवणूक, मग तिच्यांतील तत्त्व कितीही उदात्त असो.

ही कसोटी बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'स लावून पाहावी. हें पुस्तक १८५७ चें, विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर वर्षाच्या आंतलेंच म्हणावें असें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. यमुना आपल्या पतीसह प्रवास करिते, ठिकठिकाणच्या विधवांचीं दुःखें पाहते. वाटेंत पतिनिधनानें तीच विधवा होते. पुढें ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करिते. या शेवटाकडे येतांना ग्रंथकाराची घाई जाणवते. दार त्यानें स्वतःच उघडून, श्रोत्याचा हात धरून त्याला आंत नेलें आहे. परंतु मधल्या विधवांच्या कहाण्या कोणत्याही उपदेशाला पुरून उरतात. ज्याला ख्रिस्ती व्हावयाचें नाहीं तोही त्या वाचून अस्वस्थ होतो. कारण त्या स्त्रियांकडे पाहावयास पदमनजींस त्यांच्या श्रद्धेनें शिकविलें होतें, आणि पाहिलेलें मात्र सर्वांच्या मालकीचें होतें. श्रद्धेचें कथेवरील उत्तम ऋण हेंच: ती लेखकास उत्तर देते म्हणून नव्हे, तर जिकडे कोणी बघत नाहीं तिकडे बघावयास लावते म्हणून.

याच कसोटीस सर्वांत उतरतें तें लक्ष्मीबाई टिळकांचें लेखन. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पांच वर्षांनंतर, १९०० सालीं, आपल्या विचारानें त्याच वाटेनें आल्या. 'स्मृतिचित्रें'त ही सारी हकीकत आहे, पण उपदेश शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःचें सोंवळें, उपासमार, वियोग, सर्व कांहीं त्या हंसत सांगतात. वाचकानें ख्रिस्ती व्हावें असा हट्ट त्यांत नाहीं. आणि म्हणूनच एका मनुष्याच्या अंतःकरणांत धर्म कसा पालटतो हें मराठी वाचकाला या पुस्तकाइतकें दुसऱ्या कोठें कळत नाहीं. टिळकांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' १९१९ मध्यें त्यांच्या मृत्यूनें अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. एकनाथांचें अपुरें 'भावार्थरामायण' त्यांचा शिष्य गावबा यानें पुरें केलें, याची येथें आठवण होते. दोन्ही ठिकाणीं कथा सांगणारा गेला आणि ऐकणारा सांगूं लागला.

श्रद्धाळूंच्या भयाचें उत्तरही यांतच आहे. कल्पनेच्या वेलीनें खांब झांकतो हें खरें. परंतु वेल नसलेल्या खांबाखालीं सावलीस कोणी बसत नाहीं. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या कल्पनेंतून परत आली म्हणजे ती जशी दिली होती तशी येत नाहीं. ज्याला हा पालट सोसवत नाहीं त्यानें प्रश्नोत्तरें लिहावीं, आज्ञापत्रें काढावीं; कथा सांगूं नये. आणि ज्याला कथा सांगावयाची आहे, त्यानें श्रोता आपल्याहून वेगळ्या निर्णयास येईल, कदाचित् कोणत्याच निर्णयास न येतां नुसता अस्वस्थ होऊन घरीं जाईल, हें आधींच मान्य करावें. एवढें औदार्य ज्या श्रद्धेपाशीं आहे, तिनें मराठींत खुशाल पुराणें रचावीं. तीं ऐकावयास आम्ही आपल्या धर्मांत राहूनही आनंदानें बसूं.